जुनी मोटारसायकल आणि घरचा पाना

मोटारसायकल दहा-पंधरा वर्षांची झाली, चारदोन किका मारल्याखेरीज सुरू होईनाशी झाली, कीं ती भंगारवाल्यास वजनावर द्यावी आणि हप्त्यानें नवी आणावी, असा प्रघात आमच्या शेतकरी समाजांत पडत चालला आहे. ज्या घरांत विहिरीवरच्या पंपाचा फूटव्हॉल्व्ह रात्रीं अपरात्रीं स्वतः उतरून साफ केला जातो, फवारणी पंपाचा वायसर घरच्या घरीं बदलला जातो, ट्रॅक्टरच्या नांगराचे फाळ बांधावरच पालटले जातात, त्याच घरांत मोटारसायकलीचा प्लग काढून पाहण्यास कोणाचा हात धजत नाहीं, याचें आम्हांस नवल वाटतें. प्लग काळा झाला एवढ्यासाठीं गाडी टेंपोंत घालून तालुक्यास नेणारे गृहस्थ आम्हीं पाहिले आहेत. जुन्या मोटारसायकलीची नित्याची दुरुस्ती शेतकऱ्यानें घरींच करावी, ती करण्याजोगी आहे, आणि ती सोडून दिल्यानें पैशाबरोबर एक उपयुक्त विद्याहि घराबाहेर जात आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे. त्याचीं कारणें वाचकांपुढें ठेवतों.

मोटारसायकल ही आतां शेतकऱ्याच्या घरची चैनीची वस्तु राहिलेली नाहीं. पहाटे दुधाचे कॅन संकलन केंद्रावर न्यावयाचे तिनें. रात्रपाळीची वीज आली कीं मळ्यांत जावयाचें तिजवर. खताची गोणी, औषधाचा डबा, पाहुणा, आजारी माणूस, सर्वांस तीच. यांपैकीं एकाहि कामास ताशीं साठ किलोमीटरांपेक्षां अधिक वेग लागत नाहीं. जुनी गाडी हीं कामें नव्या गाडीइतकींच करते, मात्र ती वेळेवर सुरू झाली पाहिजे. उलट नव्या गाडीचा हप्ता महिन्याच्या महिन्यास दारांत उभा राहतो, आणि शेताचें उत्पन्न तर हंगामास येतें. पेरणीच्या तोंडीं बियाणें आणि हप्ता एकाच वेळीं देणें किती जड जातें हें या मासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. जुनी गाडी चालती असणें हा अशा घरांत मोठाच आधार असतो.

जुन्या गाड्या म्हणजे कोणत्या, हेंहि येथें स्पष्ट केलें पाहिजे. आमच्या खेड्यांतून ज्या अद्याप दिसतात त्यांत पहिली राजदूत. पोलंड देशांतील एस. एच. एल. या गाडीच्या धर्तीवर एस्कॉर्ट्स कंपनीनें ती साठ-सत्तरच्या दशकांत देशभर पोंचविली. इंजिन १७३ घनसेंटिमीटरचें, दोन-स्ट्रोकचें, आणि सांगाडा असा भक्कम कीं दोन्ही बाजूंस दुधाचे कॅन लटकवून खडीच्या वाटेनें नेली तरी कुरकुर करीत नसे. दुसरी जावा. मूळ झेकोस्लोव्हाकियाची ही गाडी मैसूरच्या कारखान्यांत १९६१ पासून होऊं लागली, १९७३ पासून येझदी या नांवानें निघूं लागली, आणि १९९६ सालीं तो कारखाना बंद पडला. हिचा किकचा दांडा आणि गियरचा दांडा एकच. नवख्या माणसास तो कसा वळवावा हें कळत नाहीं, म्हणून चोरासहि ती गाडी नकोशी वाटत असे, असें जुने लोक गमतीनें म्हणतात. २०१८ सालीं जावा हें नांव बाजारांत पुन्हां आलें, परंतु ती गाडी सर्वस्वी निराळी आहे. तिसरी बुलेट; ती मद्रासेस १९५५ पासून होऊं लागली. हिचाच एक भाऊ डिझेलवर चालणारा निघाला होता: टॉरस. त्यास ग्रीव्हज-लोम्बार्डिनीचें ३२५ घनसेंटिमीटरांचें, साडेसहा अश्वशक्तीचें इंजिन असे. पंपाचें डिझेल इंजिन ज्यास उघडतां येई त्यास ही गाडी परकी वाटत नसे. चौथी, १९८५ सालीं आलेली हीरो होंडा सी. डी. १००, आणि तिच्या मागून १९९४ सालीं आलेली स्प्लेंडर. या चार-स्ट्रोकच्या गाड्यांनीं पेट्रोलाची इतकी बचत केली कीं पहिल्या तिघी हळूहळू मागें पडल्या.

या सर्व गाड्यांत एक समान गुण आहे. त्या पाना, पेचकस आणि डोळे यांनीं समजतात. त्यांच्यांत काय बिघडलें हें सांगण्यास दुसरें यंत्र लागत नाहीं. १ एप्रिल २०२० पासून बी. एस. ६ चा नियम लागू झाल्यावर ज्या गाड्या निघाल्या, त्यांत पेट्रोल बहुधा इलेक्ट्रॉनिक फवाऱ्यानें इंजिनांत जातें. त्यांचा दोष कळण्यास कंपनीचें उपकरण जोडावें लागतें. त्या गाड्या वाईट आहेत असें आमचें म्हणणें नाहीं. धूर कमी, इंधनहि कमी. परंतु त्यांचें पोट उघडून पाहण्याची सोय घरीं नाहीं, ही गोष्ट जुनी गाडी मोडींत काढण्यापूर्वीं ध्यानांत घ्यावी.

आतां प्रत्यक्ष कामाकडे वळूं. इंजिन सुरू होण्यास तीन गोष्टी लागतात: योग्य क्षणीं ठिणगी, योग्य प्रमाणांत पेट्रोल व हवा, आणि पिस्टनानें दिलेला दाब. गाडी सुरू होत नाहीं म्हणजे या तिहींपैकीं एक नाहीं. पुष्कळ लोक हा विचार न करितां घाम निथळेपर्यंत किक मारीत राहतात आणि सिलिंडरांत पेट्रोल साठवून रोग वाढवितात. त्याऐवजीं प्लग काढावा, तो त्याच्या टोपींत बसवून त्याचें धातूचें अंग सिलिंडरच्या डोक्यास टेकवून ठेवावें, आणि सावलींत किक मारून पाहावें. त्या वेळीं जवळ पेट्रोल सांडलेलें नसावें, व प्लगाचें भोंक तोंडाच्या दिशेस नसावें. निळसर, कडक, चट्‌कन आवाज करणारी ठिणगी दिसली तर वीज ठीक आहे असें समजून पेट्रोलाकडे वळावें. ठिणगी पिवळट, लुळी असेल अगर मुळींच नसेल तर प्रथम प्लग बदलावा, मग टोपी तपासावी, आणि मग पॉइंटांकडे जावें.

पॉइंट ही जुन्या गाडींतील सर्वांत गैरसमजाची वस्तु. मॅग्नेटोच्या झांकणाखालीं दोन लहान बिंदु असतात. इंजिन फिरतांना ते मिटतात व उघडतात, आणि उघडण्याच्या क्षणीं ठिणगी पडते. त्यांच्यांतील अंतर बहुतेक जुन्या गाड्यांत ०.३५ ते ०.४५ मिलिमीटरांच्या दरम्यान असतें. नक्की आंकडा गाडीच्या पुस्तकांत पाहावा. हें अंतर मोजण्याची पट्टी, जिला फीलर गेज म्हणतात, अगदीं स्वस्त मिळते. ती नसेल तेव्हां जुने मिस्त्री दाढीचीं चार पातीं एकत्र धरून अंतर पाहात, कारण एक पातें सुमारें ०.१ मिलिमीटर जाड असतें. अडल्या वेळेस ही युक्ति चालते. नित्यासाठीं पट्टीच आणावी. पॉइंट काळे पडले असतील तर बारीक पॉलिश कागदानें हलकेच घासून कोरड्या स्वच्छ कापडानें पुसावे. त्यांवर एका बाजूस खळी आणि दुसऱ्या बाजूस टेंगूळ दिसूं लागलें, आणि गाडी थंड असतां चालते पण तापली कीं बंद पडते असें होऊं लागलें, तर बहुधा कंडेन्सर गेला आहे, क्वचित् कॉइल. कंडेन्सर ही स्वस्त वस्तु आहे. तो न बदलतां पॉइंटांमागून पॉइंट बदलीत बसणें म्हणजे उंदीर बिळांत ठेवून बीळ बुजविण्यासारखें होय.

पेट्रोलाकडची तपासणी याहून सोपी आहे. टाकीच्या कॉकाखालची नळी काढून पेट्रोल अखंड धारेनें येतें कीं थेंबथेंब, हें बाटलींत धरून पाहावें. गाडी दोनतीन किलोमीटर चालून मरते आणि थोडा वेळ थांबल्यावर पुन्हां चालते, अशी तक्रार फार ऐकूं येते. अशा वेळीं टाकीचें झांकण उघडून पाहावें. उघडतांच आंत हवा शिरल्याचा आवाज आला व गाडी सुरळीत चालूं लागली, तर झांकणाचें हवेचें भोंक बुजलें आहे. टांचणीच्या टोंकानें तें मोकळें केलें कीं रोग गेला. कार्बोरेटरच्या वाटींत गाळ व गंज सांचतो. ती वाटी काढून पुसावी. जेटाच्या भोंकांत तार मात्र कधींहि घालूं नये; तें भोंक शतांश मिलिमीटराच्या हिशेबानें पाडलेलें असतें, तारेनें मोठें झालें कीं पेट्रोल कायमचें अधिक पिऊं लागतें. सायकलच्या पंपानें हवा मारावी, तेवढी पुरे. हवेच्या जाळींत तर आमच्या वाटांची निम्मी धूळ असते. ऊसवाहतुकीच्या दिवसांत ती पंधरवड्यास तरी पाहिलीच पाहिजे. जाळी काढून टाकली तर गाडी "मोकळी" पळते असें मानणारे कांहीं तरुण आहेत. ती धूळ मग पिस्टन व सिलिंडर यांच्यामध्यें पॉलिश कागदाचें काम करते, हें त्यांस कोणी सांगितलेलें दिसत नाहीं.

प्लगाचा रंग हा इंजिनाची नाडी आहे. चहासारखा तांबूस-तपकिरी असेल तर सर्व ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल अधिक किंवा हवा कमी. पांढराफटक असेल तर मिश्रण विरळ, आणि दोन-स्ट्रोकच्या गाडीस तें विशेष धोक्याचें, कारण विरळ मिश्रणानें इंजिन तापून पिस्टन धरतो. बुलेटवाल्यांनीं आणखी एक गोष्ट शिकून घ्यावी. इंजिन पूर्ण थंड असतां, पिस्टन दाबाच्या स्ट्रोकांत वरच्या टोंकास आणून, बाजूचें टॅपेटचें झांकण उघडावें. आंतील दांडी दोन बोटांनीं सहज फिरली पाहिजे, परंतु वरखालीं हलतां कामा नये. एवढीच परीक्षा. फिरत नसेल तर व्हॉल्व्ह जळतील, हलत असेल तर खडखड ऐकूं येईल. तिसरी गोष्ट जो दाब, तो किक मारतांना पायास लागतो. पाय हवेंत घातल्यासारखा खालीं गेला तर रिंगा किंवा व्हॉल्व्ह झिजले आहेत, आणि तें काम मिस्त्रीचें.

कोणी म्हणतील कीं हें सर्व शिकवून तुम्ही मिस्त्रीच्या पोटावर पाय आणीत आहां. वस्तुस्थिति उलट आहे. तालुक्याच्या गांवीं पॉइंट जाणणारे जे दोनचार वृद्ध मिस्त्री उरले आहेत त्यांचीं मुलें नव्या गाड्यांचें काम शिकलीं आहेत, आणि तीं आपल्या परीनें बरोबरच आहेत. हे वृद्ध थकले म्हणजे राजदूत व येझदी यांस वैद्य राहणार नाहीं. त्यांच्याकडे प्लग पुसण्यासाठीं गाडी नेऊन त्यांचा वेळ घालविण्यापेक्षां, जें काम खरोखर त्यांचेंच आहे तेवढेंच न्यावें, आणि नेतांना रोग काय तो सांगावा, हें त्यांसहि आवडतें. ज्यास आपल्या गाडीची माहिती आहे त्यास कोणी फसवूंहि शकत नाहीं. "इंजिन खोलावें लागेल" हें वाक्य ऐकतांच माहीतगार मनुष्य कां म्हणून विचारतो.

जुन्या गाडीपुढें अलीकडे एक नवें संकट आलें आहे, आणि तें आमच्याच शेतांतून निघालेलें आहे. पेट्रोलांत इथेनॉल मिसळण्याचें धोरण सरकारनें वाढवीत नेलें. २०२२ सालीं दहा टक्के मिश्रण देशभर झालें, फेब्रुवारी २०२३ पासून वीस टक्क्यांचें पेट्रोल पंपांवर येऊं लागलें, आणि २०२५ सालीं वीस टक्क्यांचें उद्दिष्ट पुरें झालें. हें इथेनॉल उसाच्या रसापासून, मळीपासून, मक्यापासून, तुकडा तांदळापासून होतें. ऊस व मका लावणाऱ्यास त्यामुळें गिऱ्हाईक मिळालें. सबब आम्ही या धोरणाशीं भांडण मांडणार नाहीं. परंतु ज्या शेतकऱ्यानें ऊस घातला त्याच्याच घरची राजदूत त्या पेट्रोलानें अडूं लागली, हेंहि खरें आहे. आणि तें झांकून ठेवण्यांत कोणाचें हित नाहीं.

यांत घडतें काय, तें समजून घ्यावें. इथेनॉल जुन्या रबरास फुगवितें व चिरडीस आणतें. तीसचाळीस वर्षांपूर्वींच्या नळ्या, सील व वायसर त्यासाठीं केलेले नव्हते. खुद्द पेट्रोलियम मंत्रालयानें ऑगस्ट २०२५ मध्यें दिलेल्या खुलाशांतहि कांहीं जुन्या गाड्यांचे रबरी भाग व गॅस्केटें बदलावीं लागतील असें म्हटलें आहे. दुसरें, इथेनॉल हवेंतील पाणी ओढतें. आमच्या चार महिन्यांच्या पावसांत झांकण सैल असलेल्या टाकींत पाणी पुरेसें झालें कीं तें इथेनॉलसह खालीं बसतें, आणि कॉक तर खालूनच ओढतो; टाकी गंजते ती निराळीच. तिसरें, इथेनॉलमध्यें लिटरामागें पेट्रोलापेक्षां सुमारें एकतृतीयांश उष्णता कमी, आणि त्याच्या अंगांत प्राणवायु असल्यामुळें जुन्या कार्बोरेटरांतून निघणारें मिश्रण विरळ होतें. विरळ मिश्रणाचा धोका वर सांगितलाच आहे.

उपाय घरचे आहेत. पेट्रोलाची नळी इथेनॉल सोसणारी घ्यावी. ती थोडी महाग पडते, पण गळत्या नळीनें गोठ्याशेजारीं आग लागण्यापेक्षां स्वस्तच. गाडी आठ-पंधरा दिवस उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्बोरेटरांतील पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवावें. पावसाळाभर जी गाडी वापरांत नसते तिची टाकी रिकामी करून कोरडी करावी व आंतून तेलाचा हात फिरवावा. कार्बोरेटरांतील सुईची चाप एक खांच खालीं घेतली म्हणजे सुई वर उचलली जाते व मिश्रण किंचित् दाट होतें. हें करून चारआठ दिवसांनीं प्लगाचा रंग पाहावा, आणि काळा पडूं लागल्यास चाप पूर्ववत् करावी. दोन-स्ट्रोकच्या गाडीचें तेल टाकींत आधीं ओतून वरून पेट्रोल घालण्याची खोड सोडावी. तेल व पेट्रोल पुस्तकांत दिलेल्या प्रमाणानें निराळ्या डब्यांत हलवून मग टाकींत घालावें, आणि पाणी शिरलेल्या पेट्रोलांत तेल नीट मिसळत नाहीं हें विसरूं नये. जुन्या तेलाचा तवंग विहिरीच्या आसपास सांडूं देऊं नये, हें सांगण्याचें कारण नाहीं. तरी सांगतों, कारण धुण्याचा चौथरा बहुधा विहिरीजवळच असतो.

घरीं दुरुस्ती करा म्हणतांना तिची मर्यादाहि सांगणें आमचें कर्तव्य आहे. क्रँक उघडणें, सिलिंडर बोअर करणें, चाकाच्या तारा ओढून चाक सरळ करणें, हीं कामें घरचीं नव्हत. ब्रेकचें काम घरीं होतें, परंतु तें अर्धवट ठाऊक असतां करूं नये. पाना हातांत असलेल्या माणसास गाडी सुरू करण्याची फार हौस असते आणि थांबविण्याची तितकी नसते. ब्रेक-शूवर तेलाचा वा ग्रीसचा डाग पडला तर तो पुसून भागत नाहीं, शू बदलावा. ड्रममधील भुकटी तोंडानें फुंकूं नये, हवेनेंहि उडवूं नये. जुन्या ब्रेकच्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असे, आणि त्याचे कण फुप्फुसांत बसतात ते निघत नाहींत. ओल्या फडक्यानें पुसावें व फडकें पिशवींत बांधून टाकावें. साखळी मध्यावर सुमारें २५ मिलिमीटर वरखालीं हलेल इतपत सैल असावी. ताठ साखळी दोन माणसें बसल्यावर आणखी ताणते व तुटते. दिव्याच्या बाबतींत तर हयगय करूंच नये. हंगामांत मागील दिवे नसलेल्या ऊसट्रॉल्या रस्त्यावर उभ्या असतात, आणि जुन्या सहा व्होल्टच्या दिव्याचा उजेड आधींच मंद. तो अधिकच मंद वाटला तर बल्ब बदलण्यापूर्वीं सांगाड्यास जोडलेली तार काढून, तेथील गंज खरवडून, पुन्हां घट्ट बसवावी. निम्म्या गाड्यांचा उजेड एवढ्यानें परत येतो. सुट्या भागांच्या नकला बाजारांत फार आहेत. ब्रेक, क्लच व साखळी यांत चार पैसे वांचवूं नयेत, मडगार्डांत खुशाल वांचवावे.

गाडींत मनाप्रमाणें फेरफार करणें ही दुरुस्ती नव्हे. सायलेन्सर फोडून आवाज वाढविणाऱ्यांचें इंजिन बळावत नाहीं, फक्त शेजारी उठतात. शिवाय नोंदणींतील वर्णनाविरुद्ध गाडींत बदल करणें १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ अन्वयें मना आहे. मात्र शेतापुरता केलेला कल्पक फेरफार आम्ही या सदरांत टाकणार नाहीं. सौराष्ट्रांत अमरेली जिल्ह्यांतील मोटा देवळिया गांवच्या मनसुखभाई जगाणी यांनीं १९९४ सालीं बुलेटचें मागचें चाक काढून तेथें दोन चाकांचा सांगाडा बसविला आणि त्यास कोळपणीचीं व पेरणीचीं अवजारें जोडलीं. बैलजोडी पोसणें परवडेना आणि ट्रॅक्टर आवांक्याबाहेर, अशा कोरडवाहू शेतकऱ्यांच्या तें उपयोगी पडलें. त्यांस पुढें पेटंटहि मिळालें. "बुलेट सांती" म्हणून तें अवजार प्रसिद्ध आहे. सांती म्हणजे तिकडच्या भाषेंत औत.

दुसरा एक आक्षेप सुशिक्षित घरांतून येतो. मुलांनीं हात काळे करावयाचे कीं अभ्यास करावयाचा? आम्हांस हा प्रश्नच बरोबर वाटत नाहीं. लोखंडी नांगर आमच्या शेतांत आणणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर हे त्याआधीं बेळगांवांत सायकलींचें दुकान चालवीत होते. आज मुलगा चित्रफीत पाहून थेट इंजिनाचें कव्हर उघडावयास धांवतो, हें मात्र आम्हांस पसंत नाहीं. त्यानें आधीं वर्षभर प्लग, साखळी, ब्रेक, पंक्चर एवढेंच करावें, आणि काढलेला प्रत्येक नट कोठला हें कागदावर लिहून ठेवण्याची संवय लावावी. लेकीसुनांनाहि हें शिकवावें. दूध घालावयास पुष्कळ ठिकाणीं आतां त्याच जातात, आणि वाटेंत गाडी बंद पडली तर टाकीच्या झांकणाचें भोंक पाहण्यास पुरुषच कां लागावा?

जुनी गाडी ठेवण्यास खर्चहि आहे, तो लपवीत नाहीं. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनीं संपते, पुढें पांचपांच वर्षांसाठीं नवी करून घ्यावी लागते. १ एप्रिल २०२२ पासून मोटारसायकलीचें हें शुल्क ३०० रुपयांवरून १,००० रुपये झालें, आणि ऑगस्ट २०२५ मध्यें वीस वर्षांपुढील गाडीस तें २,००० रुपये करण्यांत आलें. महाराष्ट्रांत पर्यावरण कर निराळा. विमा व धुराचें प्रमाणपत्र तर हवेंच. ज्या गाडीचा सांगाडा गंजून तडकला आहे, जिचा चासी क्रमांक वाचतां येत नाहीं, जिच्या क्रँकचें काम तिसऱ्यांदा निघालें आहे, ती निःसंकोच मोडींत काढावी. बाकीच्यांचा हिशेब मात्र कागदावर मांडून पाहावा. आमच्या मतें पुष्कळांचा निर्णय बदलेल.

एकेकट्या घरास न परवडणारी गोष्ट म्हणजे विशेष हत्यारें. मॅग्नेटोचें चाक काढण्याचा पुलर, क्लच धरण्याचा चिमटा, टॉर्कचा पाना, वीज मोजण्याचा मल्टीमीटर, हीं वर्षांतून दोनदांच लागतात. आणि तीं नसलीं म्हणजे लोक हातोडी व छिन्नी वापरून चांगल्या चाकाचे तुकडे करतात. अवजार बँकेंतून पेरणीयंत्र व मळणीयंत्र सभासदांस भाड्यानें मिळतें. त्याच कोठींत ही एक पेटी ठेवण्यास अडचण नसावी. रब्बीची मळणी उरकल्यावर आणि मृगाच्या आधीं, अक्षय्यतृतीयेच्या सुमारास, दोन दिवसांचा वर्ग भरवून एखाद्या वृद्ध मिस्त्रीस मानधन देऊन शिकवावयास बोलवावें, असेंहि आम्ही आपल्या संघास सुचवितों. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्यानें जुलै २०२२ मध्यें दुरुस्तीच्या हक्काविषयीं समिति नेमली, आणि तिच्यापुढील पहिल्या चार क्षेत्रांत शेतीचीं अवजारें व मोटारगाड्या हीं दोन्ही होतीं. सुटे भाग आणि दुरुस्तीचीं पुस्तकें कंपन्यांनीं सामान्य गिऱ्हाइकास विकत दिलींच पाहिजेत, असा ठराव संघानें त्या खात्याकडे पाठवावा. ट्रॅक्टरवाल्या सभासदांसहि त्याचा उपयोग आहे.

ज्या सभासदांच्या घरीं जुन्या गाड्यांचीं छापील पुस्तकें व सुट्या भागांच्या याद्या असतील त्यांनीं त्या संघाच्या कचेरींत प्रती काढण्यापुरत्या आणून द्याव्या. राजदूत व येझदी यांचीं पुस्तकें आधीं हवीं आहेत, कारण त्या गाड्या होणें कधींच थांबलें आणि तीं पुस्तकें आतां दुकानांत मिळत नाहींत. बुलेटचें मागाहून आलें तरी चालेल.